गाठींपर्यंत पोचण्यापूर्वी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रीचे भवितव्य बव्हंशी एका प्रश्नावर अवलंबून असते. रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचला आहे काय? कलकत्त्याचे विख्यात शल्यवैद्य डॉ. सुबोध मित्र यांनी या प्रश्नाला आपले आयुष्य वाहिले. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून त्यांचे स्मरण करण्याचे कारणही हेच होय.

मित्रांचा जन्म १८९६ सालचा. युरोपात उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि देशबंधू चित्तरंजन दास यांनी दान केलेल्या वास्तूत उभ्या राहिलेल्या चित्तरंजन सेवा सदनात त्यांनी आपले कार्य उभारले. त्यांच्या खटपटीतून साकारलेल्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन १९५० साली इरेन जोलियो-क्यूरी यांच्या हस्ते झाले.

त्यांच्यापुढील पेच जुना होता. हा रोग गर्भाशयमुखापुरता थांबत नाही. त्याच्या पेशी लसिकावाहिन्यांतून ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथींत जाऊन दडतात. व्हिएन्नाच्या वेर्टहाइमने १८९८ साली पोट उघडून गर्भाशय, भोवतालच्या पेशीजालाचा भाग व ग्रंथी काढण्याचा मार्ग घातला. पण त्या काळी अनेक रुग्णांना तो आघात सोसला नाही. त्याच शहरातील शाउटाने योनिमार्गाने शस्त्रक्रिया केली. ती सुसह्य होती, परंतु तेथून ग्रंथींपर्यंत हात पोचत नसे. मित्रांनी या दोहोंचा मेळ घातला. गर्भाशय योनिमार्गाने काढावयाचे आणि ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंस छेद घेऊन, उदरावरण न उघडता, ग्रंथी काढावयाच्या. ही पद्धत त्यांच्याच नावाने जगभर ओळखली गेली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६१ साली व्हिएन्ना येथेच त्यांचे निधन झाले.

आज चित्र पालटले आहे. २०१८ पासून ग्रंथींत शिरलेला रोग आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तिसऱ्या टप्प्याचा गणला जातो आणि अशा वेळी सहसा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व औषधे यांवर भिस्त ठेवली जाते. शल्यवैद्य कितीही निष्णात असो, ही सीमा ओलांडलेल्या रोगापुढे त्याच्या सुरीचे सामर्थ्य तोकडे पडते.

म्हणूनच ग्रंथी काढण्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व रोग तेथवर पोचू न देण्याला आहे. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वर्षे वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. या रोगास कारणीभूत असलेल्या विषाणूची तपासणी केवळ एकदा केलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

तरीही आपल्या घरातील स्त्री लाजेपोटी, खर्चाच्या धास्तीने किंवा कामाच्या रगाड्यात दुखणे अंगावर काढतेच. अवेळी रक्तस्राव वा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला तरी ती गप्प राहते. शिकल्यासवरल्या शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने ही कोंडी आपल्या उंबरठ्याआत फोडली पाहिजे. तक्रार नसतानाही आईला, पत्नीला, बहिणीला तपासणीस नेले पाहिजे आणि मुलींना वेळेवर लस टोचून घेतली पाहिजे. मित्रांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग नाही.