कै. ताराबाई मोडक

पद्मभूषण ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे व्रत घेतले आणि १९३६ साली दादरला शिशुविहार स्थापिला. संस्था नावारूपास आली असताच, १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर त्या बोर्डी गावी राहावयास गेल्या.

तेथे त्यांनी बालवाडी काढली. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी! शहरातील महागडी साधने खेड्यास परवडेनात, तेव्हा बिया, पाने, शिंपले ही साधने झाली. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे शाळाच कुरणात भरू लागली. या साऱ्या कार्यात अनुताई वाघ यांची त्यांना अखंड साथ लाभली.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

नोकरी संपवून मुंबईहून गावी परतणारी कुटुंबे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. गाव आपल्या दारी येईल, ही वाट न पाहता आपणच प्रथम त्याच्या अंगणात, आणि तेही सर्वांच्या अंगणात, जाऊन बसावे. आम्हांस ताराबाईंच्या चरित्राचे सार एवढेच वाटते. आचरणात मात्र ते सोपे नाही.