माता रमाईची राहून गेलेली वारी

विहारात रमाईच्या तसबिरीला हार घालताना आम्ही तिला त्यागमूर्ती म्हणतो. पण ती माउली देवभोळी होती, हे सांगताना आम्ही अडखळतो. तसं अडखळण्याचं काही कारण नाही.

७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी रमाईचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप लवकर गेले आणि पोरकी रमा मुंबईला आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात भीमरावांशी तिचं लग्न लागलं.

बाबासाहेब शिकायला परदेशी गेले तेव्हा तिनं गोवऱ्या थापून संसार ओढला. पाच लेकरं झाली. त्यातली गंगाधर, रमेश, इंदू गेली. १९२६ साली लाडका राजरत्नही गेला. एकटा यशवंत तेवढा राहिला. एका लेकराच्या कफनाला पैसा नव्हता, तेव्हा तिनं लुगड्याचा पदर फाडून दिला, असं आमची वडीलधारी माणसं सांगत आली.

ती उपासतापास करी. पण चार लेकरं गेली, तिचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं? तरी तिनं पंढरपूरला जायचा हट्ट धरला. जिथं चोखोबालाही बाहेरच राहावं लागलं, तिथं बाबासाहेब तिला कसे नेणार? आपण दुसरी पंढरी उभी करू, अशी त्यांनी तिची समजूत घातली. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाई गेली. वारी राहूनच गेली. पंढरीचं देऊळ आपल्या लोकांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

रमाईनंतर पाच महिन्यांच्या आत येवल्याची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. तिथं आज लाखो लोक जातात, पण नवस फेडायला कुणी जात नाही.

किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन आली, तेव्हा भगवान बुद्धांनी ते जिवंत करायचं वचन दिलं नाही. जिथं कुणी मेलं नाही अशा घरची मोहरी आणायला पाठवलं. दारोदार फिरताना तिला दुसऱ्यांचं दुःख ऐकू आलं, आणि ती सावरली.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. शेजारी कुणाचं लेकरू आजारी असेल, घरात मयत झाली असेल, तर त्या दारात आपण जाऊ या. रमाईचं गाऱ्हाणं देवानं ऐकलं नाही. निदान शेजारच्या माउलीचं तरी आपण ऐकू या.

माता रमाईस विनम्र अभिवादन. जयभीम!