फेलिक्स वांकेल : सीलच्या मागे लागलेला माणूस

विमानातलं रोटरी इंजिन म्हटलं की काहींना पहिल्या महायुद्धातलं, सिलिंडरांसकट गरगर फिरणारं इंजिन आठवेल. ते वेगळं. आपण बोलतोय वांकेल इंजिनाबद्दल. यात खालीवर होणारा पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर मधे किंचित दबलेल्या लांबट घरात फिरतो. इंजिन छोटं, हलकं, थरथर कमी. म्हणून एएसएच २६ ई सारख्या स्वतः उड्डाण घेणाऱ्या ग्लायडरमध्ये ते बसवलं गेलं.

फेलिक्स वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा, जर्मनीतल्या लार गावचा. वडील पहिल्या महायुद्धात गेले. कॉलेज नाहीच, हायडेलबर्गमध्ये पुस्तकविक्रीची नोकरी. नजर इतकी अधू की गाडी चालवायचं लायसन्स कधीच नव्हतं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, त्यामुळे हे वाचून थोडं खटकलंच! १९२४ मध्ये त्याने छोटी वर्कशॉप काढली, १९२९ मध्ये पहिलं पेटंट.

फिरणाऱ्या इंजिनाची कल्पना इतरांनाही सुचली होती. ती अडायची गळतीवर. गोल पिस्टनला गोल रिंग पुरते. तिकोनी रोटरला टोकं, कडा आणि कोपरे सगळे बंद करावे लागतात. गॅस नेमका कुठून निसटतो आणि त्याच गॅसचा दाब सीलला भिंतीवर कसा दाबून धरू शकतो, याचा वांकेलने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला.

हा अभ्यास कुणाच्या पैशावर झाला, हेही सांगायला हवं. वांकेल तरुणपणीच नाझी पक्षात गेला. स्थानिक नेत्याशी भांडून १९३२ मध्ये बाहेर पडला आणि १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही होता. तरी १९३६ मध्ये त्याच राजवटीच्या हवाई मंत्रालयाने त्याला लिंडाऊला वर्कशॉप दिली. तिथे लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी फिरते व्हॉल्व्ह आणि सील यांवर काम झालं. १९४० मध्ये तो एसएसमध्येही शिरला. युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला अटक केली. हे एका ओळीत गुंडाळणारे लेख मला पटत नाहीत.

१९५१ पासून तो एनएसयू कंपनीबरोबर होता. १ फेब्रुवारी १९५७ ला पहिलं इंजिन चाललं. त्यात बाहेरचं घरही फिरायचं. हान्स डीटर पाश्केने घर स्थिर ठेवलं. वांकेलला ते आवडलं नाही, पण आज वांकेल म्हणून ओळखतात ते हेच इंजिन. १९६७ च्या एनएसयू आरओ ८० गाडीत टोकांवरची अपेक्स सील झिजायला लागली आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी घाईला आली. माझदाच्या केनिची यामामोतोच्या टीमलाही याच सीलनी छळलं होतं. घराच्या आतल्या भिंतीवर ओरखड्यांच्या लाटा उमटायच्या.

गाडीचं सील गेलं तर रस्त्याकडेला थांबता येतं. काही हौशी लोक घरी बांधलेल्या विमानात माझदाचं इंजिन बसवतात, त्यांना ती सोय नाही. गरम इंजिन पटकन सुरू होत नाही, ताकद कमी वाटते, ही पहिली लक्षणं. मग कॉम्प्रेशन टेस्ट. इथे गंमत आहे. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे रोटरची एक चांगली बाजू दोन खराब बाजू झाकते. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर फक्त सर्वोत्तम वेग बघून खूश होण्यासारखं! म्हणून तो व्हॉल्व्ह काढून स्टार्टरवर इंजिन फिरवायचं आणि सुईचे तीनही झटके बघायचे.

अपेक्स सील दोन शेजारच्या कप्प्यांमध्ये सामाईक असतं. ते तुटलं की दोन झटके कमी पडतात, तिसरा ठीक येतो. एकच कमी असेल तर त्या बाजूच्या साइड सीलवर संशय घ्या. तिन्ही सारखेच कमी असतील तर सगळीकडे झीज झालीय, किंवा जास्त पेट्रोलने आतलं तेल धुतलं गेलंय. कूलंटची सील वेगळी असतात. कूलंटच्या टाकीत बुडबुडे, पांढरा धूर, किंवा प्लग काढून इंजिन फिरवल्यावर भोकातून कूलंट उडणं, या त्यांच्या खुणा.

१९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने वांकेलला मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्याने आपली कंपनी ब्रिटनच्या लोन्रोला १० कोटी मार्कांना विकली. नंतर लिंडाऊला तो वेगवान बोटींवर काम करत राहिला. ९ ऑक्टोबर १९८८ ला हायडेलबर्गमध्ये तो वारला.