१९३३ साली सगळे विचारत होते, ही विभावरी शिरूरकर आहे तरी कोण?

१९३३ साली एक कथासंग्रह आला. नाव 'कळ्यांचे निःश्वास', लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव त्याआधी कुणीच ऐकलं नव्हतं. पुस्तक वाचून बरेच जण खवळले, काहींनी बाजूही घेतली. आणि शोध सुरू झाला, ही बाई कोण? बाईच आहे, की बाईच्या नावाने कुणी पुरुष लिहितोय?

असं होतं काय त्या कथांत?

शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली. मुलींना शिकवावं की नाही, यावर तोवर भरपूर लिहून झालं होतं. पण मुलगी शिकली, कमवायला लागली, मग पुढे काय? 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही कथा घ्या. थोरली लेक कमावती, घर तिच्या पगारावर अवलंबून. मग तिच्या स्वतःच्या संसाराचं काय? आजही हा प्रश्न कितीतरी घरांत आहे, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्यात या मुलींना प्रेमाची, स्पर्शाची ओढ वाटते हेही तिने लिहिलं. लोकांना झोंबलं ते हेच.

ही विभावरी म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, शिरूरजवळच्या नाही, थेट शिरूरच्याच, म्हणजे घोडनदीच्या. आडनाव तिथूनच उचललं. वडील अनंतराव शिक्षक. त्यांनी मुलीला कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकायला पाठवलं. पदवी घेऊन बाळूताई तिथल्याच कन्याशाळेत शिकवू लागल्या. म्हणजे कथांतल्या मुली त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या.

गंमत बघा, साहित्यातल्या अलंकारांवरचं 'अलंकार-मंजूषा' त्यांनी स्वतःच्या नावाने छापलं होतं. नाव लपवावं लागलं ते कथांसाठी. शाळेतल्या मास्तरणीने असं लिहिलंय हे कळलं असतं, तर नोकरी टिकली असती का?

पुढे लेखक विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सोलापुरात, इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत त्यांनी काम केलं. त्यातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. नंतर वडिलांवर 'खरेमास्तर' लिहिली.

तोवर नाव उघड झालं होतं. तरी दोन्ही पुस्तकांवर छापलं विभावरी शिरूरकर. मालतीबाई २००१ साली गेल्या.