प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेची जमीन

गुरुग्राममधील कॅन्डॉर टेकस्पेस या कार्यालय-संकुलाच्या भाड्यात आज सामान्य गुंतवणूकदारालाही वाटा घेता येतो. हे संकुल व मुंबईत पवईची केन्सिंग्टन ही वास्तू ज्या ब्रुकफील्ड इंडिया रिअल इस्टेट ट्रस्टकडे आहे, त्याची नोंदणी फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर बाजारात झाली. अशा न्यासांना किमान ८० टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या, भाडे मिळवून देणाऱ्या मालमत्तेतच गुंतवावा लागतो. १८६४ च्या मुंबईत असे कोणतेही बंधन नव्हते. तेथे जमिनीच्या कंपन्यांचे शेअर तेजीत विकले जात होते आणि त्यांतील सर्वांत गाजलेल्या कंपनीची जमीन अद्याप समुद्राखाली होती. या व्यवहाराच्या केंद्रस्थानी होते प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील मुंबईस आले आणि मुलाचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी दलाल त्या काळी दुर्मिळ होता. युरोपीय बँका आणि देशी पेढ्या या दोहोंत प्रेमचंद यांचा शब्द चालू लागला, तो या भाषेच्या बळावरही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस थांबला. मुंबईच्या कापसाला मागणी आली. पूर्वीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक रक्कम पाच वर्षांत या शहरात आली, असे सांगितले जाते. हा पैसा जमिनीकडे वळला. त्यामागील विचार मुळात चुकीचा नव्हता. शहर दाटीवाटीचे होते आणि बंदराच्या बाजूस एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने समुद्र हटवून खरोखरच जमीन तयार करून दाखवली होती.

१८६४ मध्ये बॅकबे रेक्लमेशन कंपनी स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावर भराव घालायचा, त्यातील पट्टा रेल्वेला द्यायचा व उरलेली जमीन विकायची, अशी ही योजना. ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. प्रेमचंद यांच्या एका शब्दावर शेअर मिळत असल्याने त्यांच्या दारी मोठमोठ्यांची रीघ लागे.

खरा धोका बँकेत होता. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचेही भांडवल होते. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्जे दिली जाऊ लागली. कर्जातून शेअर घ्यायचे, तेच पुन्हा तारण ठेवायचे, असे चक्र सुरू झाले. प्रेमचंद यांचा बँकेच्या अधिकाऱ्यांवर मोठा प्रभाव होता. तो सत्कारणी लागला असे म्हणता येत नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडील सेनापती ली शरण आले आणि कापसाचे भाव कोसळले. वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरली, तेव्हा पैसे देण्यास कोणी पुढे येईना. दिवाळखोरांची संख्या इतकी वाढली की त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. बॅकबे कंपनी बुडाली. अर्धवट भरावाचा पट्टा सरकारकडून बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे गेला. बँकेचे बहुतांश भांडवल नष्ट होऊन १८६८ मध्ये ती बंद झाली व तिच्या कारभाराची चौकशी झाली. स्वतः प्रेमचंद यांचेही दिवाळे निघाले.

तेजीच्या काळात दिलेली एक देणगी मात्र टिकली. मुंबई विद्यापीठाला त्यांनी ग्रंथालय व मनोऱ्यासाठी एकूण ४ लाख रुपये दिले होते. १८६९ ते १८७८ या काळात उभारलेल्या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव आहे. दृष्टी गेलेल्या आईला वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, अशी कथा मुंबईकर आवडीने सांगतात.

प्रेमचंद शहर सोडून गेले नाहीत. ते पुन्हा दलालीत उतरले आणि १८७५ मध्ये दलालांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. हीच संघटना पुढे मुंबई शेअर बाजार झाली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बॅकबेचा बराचसा भाग पाण्याखालीच होता. सरकारने १९२० च्या दशकात भरावाचे काम पुन्हा हाती घेतले. त्यातील गैरव्यवहारावर वीर नरिमन यांनी झोड उठवली आणि त्यांचेच नाव पुढे त्या जमिनीवरील कार्यालयांच्या भागास, नरिमन पॉइंटला, मिळाले.