अहमदनगरच्या किल्ल्यातली कबुली

रोजा ही अशी इबादत आहे, जिला कोणी साक्षीदार नसतो. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही. याच प्रामाणिकपणाची पुढची पायरी म्हणजे मुहासबा, स्वतःचा हिशोब स्वतः घेणे. तो किती अवघड असतो, हे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या आयुष्यात दिसते.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे विद्वान. कलकत्त्यात त्यांचे असंख्य मुरीद, म्हणजे शिष्य होते. मुलासाठी वडिलांची वाट तयार होती. पण किशोरवयातच त्याला शंकांनी घेरले. धर्म जर एकच सत्य सांगतो, तर धर्माधर्मांत आणि पंथापंथांत एवढे तंटे का? वाडवडिलांनी मानले म्हणून आपण मानायचे, हे त्याला पटेना. याच काळात त्यांनी ‘आझाद’ हे नाव घेतले. वारशाने आलेल्या समजुतींतून मोकळा, असा त्याचा अर्थ. पुढे स्वतःच्या शोधातून ते श्रद्धेपर्यंत पोहोचले, कुरआनचे उर्दू भाषांतर आणि भाष्य लिहिले. आलिम म्हणून नाव झाल्यावरही शंकेची ती वर्षे त्यांनी झाकून ठेवली नाहीत.

१९१२ मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढले. १९२३ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये पुन्हा ते पद त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९४२ मध्ये ते मुंबईच्या अधिवेशनासाठी कलकत्त्याहून निघाले, तेव्हा आजारी पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत निरोप द्यायला आल्या होत्या. ९ ऑगस्टला मौलानांना अटक झाली आणि नेहरू, पटेल यांच्यासह अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले.

१९४३ च्या वसंतात पत्नीची प्रकृती ढासळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारकडे अर्ज करायचा असेल तर पाठवतो, असे तुरुंग अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. रोजचा दिनक्रम तसाच चालू राहिला. ९ एप्रिलला निधनाची तार आली.

सोबत्यांना दिसले ते एक धीरगंभीर, अढळ मौलाना. पण दोनच दिवसांनी एका मित्राला उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्यांनी वेगळेच सांगितले. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावले वाजली की काळजात धडधड व्हायची. तरी ते हसून पेपर टेबलावर ठेवायला सांगत आणि घाई नसल्यासारखे लिहीत राहत. ती शांतता खरी नव्हती, अहंकाराने वठवलेला तो देखावा होता, अशी कबुली त्यांनी दिली. ही गोष्ट कोणी पकडली नव्हती, कधी पकडलीही नसती. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात ती सर्वांसमोर आली.

त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडून नेहरूंचे नाव पुढे केले. पुढे फाळणी झाली. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री असताना हुमायून कबीर यांना सांगितलेल्या आठवणींत त्यांनी आपला तो निर्णय कदाचित चुकला, असे नोंदवले. तेव्हा शिक्षणमंत्र्याकडे असा खुलासा कोणी मागत नव्हता. आठवणींची काही पाने मात्र त्यांनी तीस वर्षे मोहोरबंद ठेवायला लावली. सगळेच लगेच उघड करणे त्यांनाही जमले नाही. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी ते गेले. पुस्तक १९५९ मध्ये निघाले, राहिलेली पाने १९८८ मध्ये.

रमजानमध्ये गोंदियाच्या मशिदींतही तौबा मागितली जाते, म्हणजे चूक मान्य करून अल्लाहकडे माफी. पण इस्लामची शिकवण अशी की, माणसाचा हक्क मारला असेल तर त्या माणसाकडेच जावे लागते. धानाच्या काट्यात मारलेला किलो, बांधावरून भावाशी धरलेला अबोला, घरात बायकोला विनाकारण बोललेला कडू शब्द, हे हिशोब नुसत्या दुआने मिटत नाहीत. ईदची गळाभेट व्हायच्या आधी त्या दारापर्यंत जाऊन येणे हेही रमजानचेच काम आहे.