जोतीराव फुले आणि अमेरिकेचा धडा

इ. स. १८७३ मध्ये पुण्याच्या एका माळी गृहस्थाने आपला मराठी ग्रंथ अमेरिकेतील जनतेस अर्पण केला. तेथील कृष्णवर्णीयांस दास्यातून मुक्त करण्यासाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाचा हा गौरव होता. तो ग्रंथ म्हणजे 'गुलामगिरी' आणि ग्रंथकार म्हणजे महात्मा जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे; पुण्यात फुलांचा धंदा पत्करल्यामुळे फुले हे नाव रूढ झाले. मातोश्री चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच निवर्तल्या. मध्यंतरी खंडित झालेले शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४७ मध्ये पुरे झाले, आणि त्याच सुमारास सदाशिव बल्लाळ गोवंडे या मित्राच्या सहवासात टॉमस पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला.

पेन जन्माने इंग्रज. १७७४ मध्ये तो अमेरिकेस गेला आणि १७७६ च्या आरंभी एक छोटे पुस्तक लिहून त्याने तेथील वसाहतींना स्वातंत्र्याची दिशा दाखविली. हक्क ही पूर्वजांकडून चालत आलेली मिरास आहे, असे एडमंड बर्कचे म्हणणे. हक्क प्रत्येक माणसाबरोबर जन्मास येतात, असे पेनचे उत्तर. वतने आणि जातीचे अधिकार वंशपरंपरेने चालत आलेल्या आपल्या समाजात हा वाद वाचणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाला तो परदेशीचा वाटला असेल काय?

खुद्द अमेरिकेत तरी या दोन मतांचा मेळ कोठे होता! १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व मनुष्ये समान ठरली, पण तो लिहिणारा टॉमस जेफरसन शेकडो गुलामांचा धनी होता. गुलामांच्या व्यापारावर त्याने मसुद्यात जो ठपका ठेवला होता, तोही प्रतिनिधींनी गाळून टाकला. १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची गणती तीन माणसांइतकी धरली. या विसंगतीचे निवारण होण्यास घनघोर यादवी युद्ध व्हावे लागले आणि १८६५ साल उजाडावे लागले.

जोतीरावांनी या इतिहासातून घेतलेला बोध असा, की राज्यकर्ता बदलल्याने दास मुक्त होतोच असे नाही. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकक्षोभामुळे १८४९ मध्ये पतिपत्नीस वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि 'गुलामगिरी' निघाली त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. इंग्रजी राज्यावर त्यांनी फार भिस्त ठेवली, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथात गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामावर आणि शेतसाऱ्याच्या जुलमावर त्यांनी ओढलेले फटके आक्षेपकांनी अवश्य वाचावेत.

१८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन आपल्या या मद्रास शहरी भरले. स्वागत समितीचे अध्यक्ष होते राजा सर टी. माधवराव, कुंभकोणम् येथे जन्मलेले तंजावरी मराठी. आपणा येथील मराठी मंडळींस त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुण्यात बसलेल्या जोतीरावांचा सवाल निराळाच होता. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे विद्येवाचून आणि परस्परांच्या शिवाशिवीत विभागलेले असता त्यांना एक राष्ट्र म्हणावे तरी कसे? सरकारपाशी हक्क मागणारे आपल्या घरच्या पाणवठ्यावर ते हक्क देतील काय? मद्रासच्या मंडपात या सवालाला उत्तर मिळाले नाही. पुढे कित्येक वर्षे सामाजिक सुधारणेचा विषय राष्ट्रीय सभेच्या कार्यक्रमाबाहेरच राहिला.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली आणि थोड्याच काळात पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तरीही डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले व पुस्तक दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले. पेनच्या ग्रंथाच्या नावात केवळ पुरुष, आणि फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यातही स्त्रियांचा निर्देश नाही. जोतीरावांनी मानवी अधिकारांची मांडणी करताना मात्र स्त्रीचे नाव पुरुषाच्या आधी घातले.